चकली, अबोला अन् टँगो

दिवाळीत तुळशीरामनं एक चकली खाल्ली अन् घरातलं बोलणं बंद झालं.

म्हणजे त्याचं नाही. तोफगाड्यांच्या कारखान्यात मशिनीवर उभा राहणारा माणूस तो, त्याला हळू बोलता येत नाही तं गप्प राहणं कुठून जमणार. बंद झालं ते अनसूयेचं. लढाईचे दिवस, राशनचं पीठ. त्यात तांदूळ किती अन् रेती किती, हे चक्कीवाल्यालाही सांगता आलं नसतं. त्या पिठाच्या तिनं चकल्या केल्या. भाऊबीजेला तिचा भाऊ अमरावतीहून आलेला. तुळशीरामनं चकली दाताखाली धरली, कट्टकन वाजली, अन् हा बोलून गेला, "साळेबुवा, ह्या आमच्या कारखान्यात पाठवून द्या. तोफेत भरल्या तं जपान परस्पर माघारी जाते."

भाऊ हसला. पार ताट बाजूला सारून हसला. नवऱ्याच्या बोलण्याचं अनसूयेला काही नव्हतं, नवरे बोलतच असतात. पण माहेरचा माणूस हसला. आता तो घरी जाऊन सांगणार, मग भावजय हसणार, मग भावजयीचं अख्खं माहेर हसणार. तिनं त्या दिवसापासून तुळशीरामशी एक शब्द काढला नाही.

गंमत अशी का चाळीत कोणाला याचा पत्ताच लागला नाही. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, चारचौघांत त्याच्याकडं पाहून बोलत नसे. सगळ्याच बायका भिंतीशी नाही तं पोराशी बोलायच्या अन् नवऱ्यानं आपलं समजून घ्यायचं. यांना पोरबाळ नव्हतं. म्हणून अनसूया पाण्याच्या घागरीशी बोलायची, एवढाच काय तो फरक. "घागरे, पाणी तापलं म्हणा." "घागरे, डबा भरला आहे. कोणाला न्यायचा असंन तं न्यावा, नाही तं कुत्र्याला घालते." शेजारच्या बाया तिचं उदाहरण देत, काय सालस बाई आहे, नवऱ्यापुढं कसा आवाज नाही.

तुळशीरामनं बांगड्या आणल्या. घागरीला हुकूम झाला, फडताळात ठेव. मग त्यानं संक्रांतीची वाट पाहिली. त्या दिवशी तं गोड बोला म्हटल्याबिगर तिळगूळ देता येत नाही, दुश्मनालाही म्हणावं लागते. अनसूयेनं चाळीत दारोदारी जाऊन सगळ्यांना म्हटलं, दूधवाल्या भैयालासुद्धा म्हटलं. अन् तुळशीरामचा लाडू निघाला डब्यात, पोळीच्या घडीखाली. मुका लाडू. मशिनीपाशी उभं राहून त्यानं तो खाल्ला. लाडू चांगला मऊ होता.

तिचं बोलणं त्याला परत पाहिजे होतं. प्रेमाचं नसंन तं नसो, शिव्या चालल्या असत्या.

अशात परेरा त्याला येऊन भेटला. परेरा कारखान्यात रंगखात्याचा मिस्त्री, मूळ गोव्याचा, अन् दर इतवारी रेल्वेवाल्यांच्या क्लबात बँड वाजवायचा. ब्लॅकआउटमुळं तिथले नाच दुपारीच उरकत. त्याचा अकॉर्डियनवाला फौजेत भरती होऊन निघून गेलेला. कोणी तरी सांगितलं का तुळशीराम भजनी मंडळात पेटी वाजवतो.

"तुलसी, हवा का बाजा है ना? बस, चलेगा," परेरा म्हणाला, अन् त्यानं आपला काळा कोट याच्या अंगावर चढवला. कोट खांद्यात आखूड. तुळशीराम त्यात शिवलेल्या पोत्यासारखा दिसे. म्हणून क्लबात त्याला झाडाच्या मोठ्या कुंडीच्या आड बसवलं.

गोरे शिपाई, रेल्वेतल्या ड्रायव्हर लोकांच्या पोरी, सगळी उड्या मारून राहिली होती. तुळशीरामला मजा वाटली. मग एक तर्ज सुरू झाली अन् उड्या थांबल्या. जोडपी एकमेकांना चिकटली, पण तोंडं अशी जशी आत्ताच सुतकातून उठून आली. बाई मागं रेटली जाई, थांबे, पाय अडवून धरे, मग तीच त्याला रेटी. अन् तर्ज तरी कशी? कारखान्यात शेपर मशीन असते, लोखंड कापताना पुढं सावकाश जाते, जीव खात, अन् मागं झटक्यात येते. तशी.

"परेराभाई, हे लोक नाचून राहिले का भांडून राहिले?"

"टँगो है," परेरा फिडल खाली घेऊन म्हणाला. "झगड़ा ही है. मगर हाथ छोड़ने का नहीं."

तुळशीराम फिसकन हसला. अन् मग त्याचं हसू जागच्या जागी राहिलं अन् बोटं पेटीवर आपोआप चालू लागली. एक बुटका शिपाई अन् त्याच्याहून हातभर उंच बाई कुंडीजवळून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं अन् तरी ती त्याच्या पायावर पाय देत नव्हती. तुळशीरामला घागर आठवली.

ती तर्ज काही त्याला सोडेना. बेस्तरवारी विष्णुपंतांकडं भजन होतं. विष्णुपंत म्हणजे मंडळाचे म्होरके, पोस्टातून रिटायर झालेले, टाळ असा आपटत जसा शिक्का मारून राहिले. विठ्ठलाच्या आळवणीत तुळशीरामची पेटी हळूच क्लबाकडं वळली. एका ओळीपुरतं सगळं मंडळ तिच्यामागं गेलं. विष्णुपंतांनी टाळ थांबवला.

"तुळशीराम, हा विठोबा कुठं चालला?"

"नेपियर टाउनकडं, गोऱ्यांच्या नाचाला," मागून कोणी तरी म्हणालं.

"पुन्हा असं वाजवलं तं पेटी उचलून घरी घेऊन जाजो," विष्णुपंत म्हणाले. अन् भजन संपल्यावर चपला घालता घालता, कोणी ऐकत नाही असं पाहून, "ती तर्ज मधी थांबते ना, तिथं टाळ आपोआप अडते रे," एवढं बोलून गेले.

म्हणून तुळशीराम पेटी घरी घेऊन आला. रोज पाळीवरून आला का तीच तर्ज. अनसूया भांडी घासायची. आधी ती मुद्दाम खडखड आवाज करायची. मग हळूहळू तिची राख अन् याची पेटी एका चालीवर आली, जिथं तर्ज अडे तिथं तिचा हातही अडे. तुळशीरामनं पाहिलं, पण बोलला नाही. बोलून एकदा भोगलं होतं.

एका सांजेला तर्ज चढत चढत अगदी वरच्या सुरापाशी गेली, अन् तिथं हा थांबला. पुढचं आठवेना. पुन्हा सुरुवातीपासून घेतली, पुन्हा तिथंच गाडी अडली. भाता धरून तो छताकडं पाहत बसला. अनसूयेच्या हातात घासायचं पातेलं तसंच.



"पुढं वाजवा ना," ती म्हणाली. "काहून थांबले?"

घागरीला नाही. घागर मोरीत उपडी पडली होती.

तुळशीरामनं भाता सोडला. "पुढचं... येत नाही मले. विसरलो."

"असं कसं विसरले? मधीच कोणी सोडते काय? इतके दिवस माझं डोकं खाऊन राहिले अन् आता येत नाही म्हणता?"

"इतवारी ऐकून येतो."

"मीही येते. तुमचा भरोसा नाही."

आता नऊवारी नेसलेली बाई गोऱ्यांच्या क्लबात कशी न्यावी? परेरानं मागच्या व्हरांड्यात, सोड्याच्या पेट्यांशेजारी एक स्टूल टाकून दिलं. अनसूया डोक्यावर पदर घेऊन बसली, दाराच्या फटीला डोळा लावून. टँगो सुरू झाला. तुळशीरामनं कुंडीआडून मान वळवून पाहिलं. पहिल्यांदा तिनं पदर तोंडाशी नेला, लाजेनं. मग पदर खाली आला. तर्ज त्या वरच्या सुराशी पोचली, थांबली, अन् पुढं निघाली तशी अनसूयेनं एवढा मोठा श्वास सोडला का सोडेवाला पोऱ्या तिच्याकडं पाहू लागला.

घरी जाताना रोजच्यासारखा तो पुढं अन् ती मागं. चौकापाशी ती बरोबरीनं आली.

"ती उंच बाई त्याला ढकलून राहिली होती का धरून राहिली होती?"

"दोन्ही," तुळशीराम म्हणाला.

ती जागीच उभी राहिली. तिनं त्याच्या कोटाची बाही धरली, अन् मग जे सुरू झालं ते घमापूरची चाळ येईपर्यंत थांबलं नाही. चकलीचं पीठ तिनं एकटीनं कसं चाळलं, हसणाऱ्या भावाला यानं टोकलं कसं नाही, बांगड्यांचं माप चुकलं हे इतक्या वर्षांत कसं कळत नाही, तिळगुळाचा लाडू कसा लागला हे एका शब्दानं का सांगितलं नाही. दिवाळीपासूनचं सगळं साचलेलं. टांगेवाले वळून पाहत. घागर असती तं फुटली असती.

"लाडू मऊ होता," तुळशीराम मधीच म्हणाला.

"आता सांगून राहिले," ती म्हणाली, अन् बाहीला असा हिसका दिला का कोट खांद्यापासून टर्रकन उसवला.

कोट परेराचा. रात्री तिनंच तो शिवला, चिमणीजवळ बसून, एकेका टाक्याला एकेक शब्द सुनावत. तुळशीराम समोर बसून ऐकत होता. घागरीला काही काम नव्हतं.