तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

ऑर्विल ट्वेटनं आयुष्यात ताटलीतला शेवटचा तुकडा कधी उचलला नव्हता. डुलुथ गावात तसं कुणीच उचलत नाही. शेवटची लिंबाची वडी उरली की लोक तिचे अर्धे करतात, मग पाव, मग अष्टमांश, आणि शेवटी यजमानीणच तो चुरा सिंकमध्ये सारते. काही घ्यायचंच झालं तर समोरच्यानं तीनदा आग्रह करायला हवा. पहिल्यांदा "नको, नको", दुसऱ्यांदा "छे, कशाला उगीच", आणि तिसऱ्यांदा "बरं, तू म्हणतोसच तर."

इमारतींत पैसे गुंतवणाऱ्या एका खाजगी ट्रस्टमध्ये तो अडकला तोही असाच. चार वर्षांपूर्वी ट्रेंट ऑस्टबी नावाच्या सल्लागारानं निवृत्त लोकांना फुकट स्टेक खायला बोलावलं होतं. स्टेक, बटाटा, वर चीजकेक. एवढं हादडून सही न करता उठणं काही बरं दिसेना. दुखऱ्या गुडघ्यांपायी तळ्याकाठची केबिन, म्हणजे सुट्टीतलं छोटं लाकडी घर, नुकतीच विकली होती. तिचे साठ हजार डॉलर आणि निवृत्तीचे साठ, असे एक लाख वीस हजार त्यानं ट्रस्टला दिले. ट्रस्ट त्यातून दवाखाने आणि गोदामांच्या इमारती घेणार आणि येणारं भाडं सगळ्यांत वाटणार.

त्याच वर्षी त्याचा मेव्हणा डेल्बर्ट यानंही साठ हजार घातले, पण ज्याचे हिस्से शेअर बाजारात रोज विकले जातात अशा ट्रस्टमध्ये. डेल्बर्टचा भाव रोज हले, बहुधा खालीच. ऑर्विलच्या कागदावर मात्र दर तिमाहीला एका हिश्शाची किंमत पंचवीस डॉलर म्हणजे पंचवीसच.

"इमारती दोघांच्याही विटांच्याच ना?" ऑर्विल बायकोला विचारी. "मग त्याच्या रोज हलतात आणि माझ्या जागच्या जागी. असं कसं?"

"तुझ्या इमारतींकडे कुणी बघतच नसेल," मार्लिस म्हणे.

एप्रिलमध्ये, ज्यांनी केबिन विकत घेतली होती त्या दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. ते ॲरिझोनाला निघाले होते. "ज्या भावात घेतली त्याच भावात तुम्हाला देतो. पण पंधरा जुलैपर्यंतच. शिकागोचा एक माणूस मागे लागलाय. तो पाडून मोठं घर बांधणार म्हणतो."

पाडणार म्हणजे सौना, ती घाम काढायची गरम खोलीसुद्धा पाडणार. तो ऑर्विलनं दोन उन्हाळे घालून स्वतःच्या हातांनी बांधला होता. केबिन विकल्यापासून त्याला मनासारखा घाम आलेला नव्हता, आणि केबिन विकूनही गुडघे दुखायचे थांबले नव्हते.

त्यानं ट्रेंटला फोन लावला.

"पैसे काढायचेत? जरूर!" ट्रेंट म्हणाला. "जूनअखेरीला अर्ज घेतो. फक्त या खेपेला गर्दी आहे. सगळ्यांना पुरणार नाही, तेव्हा ज्यानं जेवढे मागितले त्या प्रमाणात कापून देऊ."

अर्जात एकच चौकोन होता: किती हवेत? ऑर्विल पेन घेऊन बराच वेळ बसला. सगळ्यांना पुरत नाही म्हटल्यावर आपण तरी हावरटपणा करू नये. लागणार होते साठ हजार. त्यानं साठ हजार लिहिले, वर समासात 'कृपया' लिहिलं.

नऊ जुलैला तीस हजारांचा चेक आला.

"मी साठ मागितले होते," तो ट्रेंटला म्हणाला.

"म्हणून तर तीस आले. सगळ्यांना निम्मेच दिलेत."

"मग साठ यायला काय करायला हवं होतं?"

"एक लाख वीस मागायला हवे होते."

"पण तेवढे मला नकोच होते."

"इतरांनाही नको होते, मिस्टर ट्वेट. तरी त्यांनी मागितले."

ऑर्विलनं हे वाक्य दोनदा मनात फिरवून पाहिलं. "आणि माझे राहिलेले नव्वद?"

"एकदम सुरक्षित! अजूनही पंचवीसच डॉलर."

"मग पंचवीसला कुणी विकत घेईल का?"

"त्यासाठी आधी कुणीतरी हवं," ट्रेंट सौम्यपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्बर्ट कॉफीला आला. मार्लिसनं त्याला दारातच सगळं सांगून टाकलं होतं.

"काय जमीनदार!" खुर्ची ओढत तो म्हणाला. "किल्ला शाबूत, पण बाहेर पडायला दार नाही म्हणे?"

"तुझ्या किल्ल्याचे तर बुरूज ढासळलेत."

"ढासळलेत ना. साठचे चौतीस झालेत. पण दार सताड उघडं आहे, बाबा." त्यानं फोन काढून टेबलावर ठेवला. "ही कॉफी संपायच्या आत तीस विकतो. तुझे तीस, माझे तीस. केबिन अर्धी-अर्धी. काय म्हणतोस?"

"नको, नको. तोट्यात कशाला विकतोस?"

"अरे, सौनात मलाही जागा होईल. बघ, घ्यायची का?"

"छे, कशाला उगीच तुला त्रास."

डेल्बर्टनं खांदे उडवले आणि फोन खिशात घातला. मग ताटलीतली शेवटची वडी पुढं ओढून सुरीनं तिचे दोन भाग केले आणि खिडकीबाहेर बघत बसला. ऑर्विल वाट बघत होता. मार्लिसही ओट्याशी थांबून वाट बघत होती. तिसरा आग्रह काही होईना. मागितल्याच्या निम्मे मिळतात हे तो कालच शिकला होता. न मागता किती मिळतात, ते मात्र ट्रेंटनं सांगितलं नव्हतं.

"घेऊ या," ऑर्विल म्हणाला.

मार्लिसच्या हातात किटली तशीच राहिली. या स्वयंपाकघरात असं कुणी कधी केलं नव्हतं.

"मी अजून तिसऱ्यांदा विचारलं नाही," डेल्बर्ट म्हणाला.

"माहीत आहे मला."

डेल्बर्ट मुळात भला माणूस. त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं घाईघाईनं फोन पुन्हा बाहेर काढला. "मग... घ्यायची का?"

आता ही तिसरी वेळ धरायची की नव्यानं पहिली, हे ऑर्विलला काही कळेना. पहिली असेल तर 'नको' म्हणणं भाग होतं, आणि जीभ तर त्या शब्दाकडे निघालीसुद्धा होती. भलतंच काही तोंडून जाऊ नये म्हणून त्यानं वडीचे दोन्ही तुकडे एकदम तोंडात कोंबले आणि जोरजोरात मान हलवली.