कोंबडीच्या काचेवरचा आकडा

गॉर्डननं ओलं फडकं पिळून दाराच्या काचेकडे हात नेला, तसं मार्लिसनं त्याचं मनगट धरलं.

“एवढी सोडून बाकी सगळी पूस.”

“विकलेली गाडी न्यायला तीन वाजता माणूस येतोय. अर्धी आंघोळ घालून पाठवायची का हिला?”

“काचेला हात लावू नकोस म्हटलं ना.”

गॉर्डन छप्पन्न वर्षांचा होता आणि धान्याच्या कोठारावर त्याच्या हाताखाली नऊ माणसं होती. तरी धाकट्या बहिणीनं डोळे वटारल्यावर तो मुकाट्यानं मागच्या चाकाकडे वळला. शेडच्या दारात, एप्रिलच्या कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून त्यांचे वडील, अर्विन कोटास, बसले होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि टोपी जरा मागे सारली.

काचेवर बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं आकडा लिहिलेला होता. तेरा पूर्णांक चाळीस. पस्तीस वर्षांत तो पिवळा पडला होता, शून्याचा एक टवका निघाला होता, पण अक्षर ओळखू येत होतं. चाराची दांडी अशी लांब खाली ओढायची खोड घरात एकाच माणसाला होती, आणि ते माणूस गेल्या नोव्हेंबरात गेलं. आर्डिस. या दोघांची आई.

गाडीचं नाव कोंबडी. चौतीस सालचा तिचा सांगाडा अर्विनना शेजाऱ्याच्या खुराड्यात सापडला तेव्हा पुढच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत आर्डिसनं गाडीला हात लावू दिला नव्हता. इंजिन आलं एका मोडक्या पोलीस गाडीतून. ‘चोरांच्या मागे धावायची सवय आहे त्याला,’ असं अर्विन कौतुकानं सांगायचे. बाकी सगळं याच शेडमध्ये घडलं, मक्याची कापणी आणि पुढची पेरणी यांच्या मधल्या हिवाळ्यांत. गॉर्डन वेल्डिंग शिकला तो हिच्यावर. मार्लिसला पाढे येण्याआधी पान्यांचे नंबर येत होते. बांधून झाल्यावर मग अकरा उन्हाळे, मे ते ऑगस्ट, रविवार म्हटला की घर बंद करून चौघं निघायची ती जुन्या लष्करी धावपट्टीवर. युद्धात तिथून विमानं उडाली होती. आता पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर आजूबाजूच्या गावचे शेतकरी आणि मेकॅनिक आपापली घरी जुळवलेली भुतं पळवायचे. चर्चमधले फादर एकदा आर्डिसला म्हणाले होते की देवाला तुमचे चेहरे आठवेनासे झालेत. ती म्हणाली, त्याला सांगा, आवाज ऐकू येत असेलच.

पुढे आकड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांचा नियम बाहेरच्याला विचित्र वाटतो. पळण्याआधी आपल्या गाडीला किती सेकंद लागतील ते काचेवर लिहायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याला तेवढ्या फरकानं आधी सोडतात, म्हणजे खटाराही तुफान गाडीशी झुंजू शकतो. पण काचेवर लिहिलंय त्याहून लवकर पोचलात तर बाद. पुढे असलात तरी बाद. थोडक्यात, स्वतःला नीट ओळखा आणि बोललात तेवढंच करा. हे माणसाला किती जड जातं, ते त्या पट्ट्याच्या शेवटी उभं राहून बघावं.

कोटासांच्या घरी याचा सरळ हिशेब होता. आकडा आर्डिसचा, पाय अर्विनचा. प्रत्येक धावेनंतर मिळणारी वेळेची चिठ्ठी ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायची, हवा बघायची, वारा बघायचा म्हणून बोट ओलं करून धरायची आणि मग पॉलिशची बाटली उघडायची. अर्विननी कधी मान वर करून विचारलं नाही.

आणि तरीही शहात्तरच्या ऑगस्टमध्ये, अकरा वर्षांत पहिल्यांदा अंतिम फेरी गाठलेली असताना, कोंबडी तेरा-बावीसमध्ये पोचली. काचेवर तेरा-चाळीस. पहिले येऊन हरले. सोमवारी अर्विननी गाडीवर ताडपत्री टाकली, ती आज सकाळी निघाली.

“आईचं गणित कच्चंच होतं,” चाकाशी बसलेला गॉर्डन म्हणाला. दर ख्रिसमसला तो हे म्हणायचा, आणि आई त्याच्या पाठीत लाटणं घालायची. “आयुष्यात एकदा बाबा जिंकणार, तर बाईसाहेबांनी आकडा चुकवला.”

एरवी सगळे हसायचे, आज कोणी हसलं नाही, तेव्हा त्यालाही बहुधा आठवलं की आता लाटणं घालणारं कोणी नाही. तो उठला. “पाणी बदलून आणतो,” म्हणाला आणि बादली घेऊन घराकडे गेला.

मार्लिसनं जाकिटाच्या खिशावरून हात फिरवला. आत कागद होता. सकाळी आईचं शिवणाचं कपाट आवरताना बिस्किटांचा डबा सापडला होता. त्यात सगळ्या चिठ्ठ्या सालवार, दोऱ्यानं बांधून. त्या शेवटच्या रविवारच्या सकाळच्या तीन: तेरा-एकवीस, तेरा-तेवीस, तेरा-वीस. शेंबड्या पोरानंही काचेवर तेरा-वीस लिहिलं असतं. आई चुकली नव्हती. आईनं मुद्दाम लिहिलं होतं.

आणि तळाशी हा कागद. पुढच्या वर्षीचा प्रवेश अर्ज. चालक: अर्विन कोटास. गाडी: कोंबडी. मदतनीस: आर्डिस, गॉर्डन, मार्लिस. खाली तिच्याच अक्षरात तारीख, २२ ऑगस्ट १९७६, ठसठशीत. अंतिम फेरीच्या दिवशी, फेरीच्या आधी किंवा नंतर, तिनं तो भरून ठेवला होता.

मग मार्लिसला धावपट्टीचं कुंपण आठवलं. ती सतरा वर्षांची, रडवेली, आणि शेजारी आई. भोंग्यावरून बाबा बाद झाल्याचं सांगितलं तेव्हा आई चक्क हसली होती. तिनं मार्लिसचा हात दाबला होता आणि म्हणाली होती, ‘चला! म्हणजे पुढच्या वर्षीही आपण इथंच.’ मार्लिसला तेव्हा तिचा राग आला होता. त्या उन्हाळ्यात ओमाहा शहरातला एक टायरवाला बाबांच्या मागे लागला होता. फेरी जिंकलात तर माझ्या संघात या, मोठं इंजिन देतो, टेक्सास, इंडियाना, माझी माणसं सगळं बघतील. त्याच्या माणसांत आकडे लिहिणारी बायको आणि पाने पुसणारी पोरं बसत नव्हती. आईला ते नको होतं. तिला हे हवं होतं. चौघं, हॅमची सँडविचेस, खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, आणि पुढचा रविवार.

हे बाबांना सांगायचं म्हणून ती कागद घेऊन शेडमध्ये आली होती. गाडी जायच्या आत त्यांना कळायला हवं, असं तिला वाटत होतं.

“बाबा,” ती म्हणाली. “त्या दिवशीच्या सकाळच्या चिठ्ठ्या मिळाल्या मला.”

“तेरा-वीस,” अर्विन म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?” मार्लिसनं विचारलं.

“पळवत मी होतो गं. मला माहीत नसेल?” ते जागचे उठले, काठी टेकत गाडीपाशी आले. “आत बसलो, दार लावलं, आणि काचेवर बघतो तर तेरा-चाळीस. आतून उलटं दिसतं, पण दिसतं. म्हटलं, आर्डिस असं चुकत नाही.”

“मग ब्रेक लावायचा ना शेवटी! हळू पोचला असतात तर जिंकला असतात.”

“असतो. सहज.” त्यांनी छपरावर हात ठेवला. “सुटायचे दिवे पेटत होते तेवढ्यात विचार करायचा होता. अन् कळलं मला. ती म्हणत होती, पुरे झालं.”

मार्लिसचा हात खिशातच राहिला.

“अकरा वर्षं त्या बाईनं माझे ग्रीसचे कपडे धुतले. उन्हात करपली. कधी एका शब्दानं म्हणाली नाही की बंद करा. तुझी आई बोलून दाखवणाऱ्यातली होती का? भांडायची ते मिठावरून, चिखलाच्या बुटांवरून. खरं काही असलं की गप्प. तर तिनं ते लिहिलं. मी वाचलं. पेडलवरचा पाय काढला नाही.”

“पण एकदम बंद कशाला केलंत? टायरवाल्याला नाही म्हणून आपलं आपलं इथं...”

“अर्धंमुर्धं ऐकण्यात काय अर्थ आहे? गाडी हाताशी राहिली असती तर माझी खाज गेली असती होय?” ते हसले. मग हसू विरलं. “खोटं कशाला बोलू, मार्लिस, मला थांबायचं नव्हतं. पुढची दोन-तीन वर्षं मे महिना आला की मी ट्रॅक्टर मुद्दाम पलीकडच्या शेतात न्यायचो. वारा धावपट्टीकडून असला की तिथला आवाज येतो ना त्या शेतात. पण एवढ्या संसारात तिनं एकच गोष्ट मागितली, आणि ती मी न सांगता ओळखली. नाहीतर मी कसला ठोंब्या नवरा, तुला ठाऊकच आहे. हे एक जमलं.”

बाहेर नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

“तिला बरं वाटलं होतं,” अर्विन म्हणाले. “पुढच्या मे महिन्यात, पहिल्याच रविवारी, मी पेरणीवर होतो तर टोपली घेऊन बांधावर आली. कोलाचे, हॅम, सगळं आपण धावपट्टीवर न्यायचो तसंच. काही बोलली नाही. माझ्याशेजारी बसून राहिली. म्हटलं, आभार मानतेय.”

तो रविवार मार्लिसला माहीत होता. आईनं टोपली पहाटे भरली होती, चौघांची. वर पॉलिशची नवी बाटली ठेवली होती. दारात गाडीचा आवाज येईल म्हणून ती कोट घालून स्वयंपाकघरात उभी होती, आणि आला तो ट्रॅक्टरचा आवाज, लांब जाणारा. बऱ्याच वेळानं तिनं बाटली काढून खिडकीत ठेवली आणि टोपली उचलून शेताकडे गेली. संध्याकाळी मार्लिसनं विचारलं, ‘आपण का नाही गेलो?’ तर म्हणाली, ‘बाबांचं मन उडालं असेल. विचारू नकोस, हरल्याचं लागतं पुरुषांना.’

दोघंही एकमेकांची मर्जी राखत राहिली, चौतीस वर्षं. मार्लिसला एकदम इतकं भरून आलं की तिनं पाठ फिरवून फडक्याची घडी घातली आणि पुन्हा मोडली.

“तू होतीस ना गं कुंपणापाशी तिच्याजवळ?” अर्विननी मागून विचारलं. “मी बाद झालो तेव्हा. काही म्हणाली का ती?”

हे त्यांनी याआधी कधीच विचारलं नव्हतं. आर्डिस असताना विचारायची गरज पडली नसावी. आता ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, आणि पोरगं शाळेचा निकाल ऐकायला उभं असतं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

कागद खिशात होता. दोन बोटांत धरलेला होता.

“म्हणाली,” मार्लिस म्हणाली, “चला, आता घरी जाऊ.”

अर्विननी हळूहळू मान डोलावली. मग पुन्हा एकदा डोलावली.

“बघ,” ते म्हणाले. “मला कळलं होतं.”

गॉर्डन बादली घेऊन आला. “काय ठरलं? आता तरी काच पुसू का?”

“पूस,” अर्विन म्हणाले. “सांगायचं होतं ते सांगून झालं तिचं.”

“थांब,” मार्लिस म्हणाली. तिनं भिंतीवरची पान्यांची फळी बघितली. “बाबा, ही प्लास्टिकची काच किती बोल्टांवर आहे?”

“आठ. सात-सोळांश इंचाचा पाना घे. वरच्या कोपऱ्यातला उलट्या आट्यांचा आहे, जोर लावशील तर तुटेल.”

“काय करणार आहेस तिचं?” गॉर्डन म्हणाला. “तो गाडीवाला माझ्या नावानं शंख करेल.”

“करू दे. त्याला नवी बसवता येईल.”

गंजलेले बोल्ट निघायला अर्धा तास लागला. अर्विन शेजारी उभं राहून सूचना देत होते, गॉर्डन तेल सोडत होता, आणि शेवटचा बोल्ट सैल झाला तेव्हा तिघंही एकदमच ‘हं’ म्हणाली. अशा वेळी ‘आता हात धुवा, खायला बसा’ म्हणणारं चौथं माणूस असायचं.

तीन वाजता माणूस आला. भला होता. बिनकाचेच्या दाराबद्दल त्यानं काही विचारलं नाही. कोंबडी ट्रेलरवर चढली, फाटकाबाहेर पडली, आणि अर्विन ती वळेपर्यंत टोपी हातात घेऊन उभे राहिले.

मार्लिसनं काच जुन्या चादरीत गुंडाळून आपल्या गाडीच्या शेजारच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. चादरीतून चाराची लांब दांडी तेवढी बाहेर दिसत होती. तिनं गाडी सुरू केली, तसे अर्विन आले, वाकले आणि खिडकीवर टकटक केलं. तिनं काच खाली घेतली.

“हळू जा हं,” ते सीटकडे बोट दाखवत म्हणाले. “लिहिलंय त्याच्या आधी पोचायचं नाही.”

“नाही पोचणार, बाबा.”

रस्ता धावपट्टीच्या बाजूनंच जात होता. फाटकावर रंगवलेला फलक लावला होता, नवा हंगाम, पहिला रविवार, एक मे. मार्लिसनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि शेजारच्या सीटवर हात ठेवला. मग खिशातला अर्ज बाहेर काढला आणि आईनं लिहिलेली चौघांची नावं पुन्हा एकदा वाचली.