वीणेपुढची जबानी

हरिनाम सप्ताहाच्या पाचव्या दिवशी दुपारी चारचा पहारा सुपडूआबांचा होता, आणि जीवरामनानांनी शपथेसाठी नेमकी तीच वेळ धरली होती.

सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाने आपल्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि घेणाऱ्याने तासभर उभं राहून नाम घ्यायचं. त्या तासात तो माणूस कुणाचा भाऊ नसतो, कुणाचा वैरी नसतो. येणारा-जाणारा त्याच्या पाया पडतो. आज मात्र मंडपात शंभरेक माणसं बसली होती आणि आबांच्या पाया पडायला एकही उठलं नव्हतं.

कारण गावाला ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी नानांच्या बागेतली निसवलेली केळी कुणीतरी कोयत्याने आडवी केली होती. घडांसकट, ओळीच्या ओळी. त्याआधी महिनाभर नानांनी शेतरस्त्यावर चर खोदून ठेवला होता. ट्रक आत येईना, आणि आबांच्या केळीचा कापणीला आलेला माल खोडावरच पिकून गळाला. तेव्हा आबांचा मुलगा हितेंद्र पारावर चारचौघांत बोलून गेला होता, "तुमची बाग कशी उभी राहते तेच पाहतो." आता ते वाक्य गावभर त्याच्या नावावर फिरत होतं.

हितेंद्र पोलीस भरतीच्या यादीत होता. धावणं झालं, लेखी झाली, वैद्यकीय झालं, चारित्र्य पडताळणी तेवढी उरली होती. गुन्ह्यात नाव आलं की सगळं मातीत. त्याची लेखीची तयारी मोहिनीने, त्याच्या थोरल्या बहिणीने, करून घेतली होती. जळगावला ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. दोघं ओसरीवर बसून कलमं घोकायची. जुन्या कायद्याचे आकडे पुसून नव्या संहितेचे बसवायचे, कुठला गुन्हा दखलपात्र, कुठला जामीनपात्र, कशाला किती वर्षं.

त्याच ओसरीवर सकाळी तिने त्याला पढवलं होतं.

"फिर्यादीत अजून 'अज्ञात इसम' आहे. अज्ञातच राहू दे. शपथ घ्यायची नाही, काही बोलायचं नाही."

"ताई, मी त्या रात्री दीपनगरला होतो, मित्राकडे. तेवढं सांगितलं की संपलं ना."

"आत्ता सांगितलंस की उद्या नाना त्या मित्राला गाठतील. तो साक्षीदार कोर्टासाठी ठेवायचा, पंचायतीसाठी नाही."

"पण मी केलंच नाहीये."

"न केलेल्याने तर मुळीच बोलू नये. गप्प बसणं हा तुझा हक्क आहे."

आबा भाकरी खात होते. त्यांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली, हात धुतला आणि देवळाकडे गेले.

आता नाना मंडपाच्या मधोमध उभे होते. "ये रे भो हितेंद्र, पुढी ये. बापाच्या हातातला वीणा आहे. त्याले हात लाव आन् सांग, मी नही केलं. एवढंच. मंग मी तुह्या घरी येऊन माफी मागतो."

हितेंद्र उठला. मोहिनीने मागच्या रांगेकडे नजर टाकली. खांबाला टेकून पांढरी टोपी घातलेला एक माणूस बसला होता. पंचनाम्याला आलेले हवालदार तोताराम, पण आज साध्या कपड्यांत. खिशातला मोबाइल अर्धा वर, कॅमेऱ्याचा डोळा बाहेर. तिने भावाकडे पाहून मान हलवली. नाही.

हितेंद्र वीणेसमोर गेला. हात उचलला. मग खाली घेतला.

"मला काही बोलायचं नाही," तो म्हणाला.

मंडपात एकदम कुजबुज उठली.

"पाह्यलं? हात नही लागला वीणाले."

"बहिनीनं शिकवलं. वकीलबाईनं."

"चोराले पोलीस करू राह्यले आन् पोरगी वकील. घरचं सगळं घरीच भागतं यांचं."

"याच्यापुढी यांच्या घरचं पानी प्यायचं नही," नाना म्हणाले. "आन् हवालदारसाहेब, तुम्ही पाह्यलं. लिहा याचं नाव. मी पुरवणी जबाब देतो आत्ताच."

मोहिनीच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. पुस्तकात गप्प बसणाऱ्याविरुद्ध काही धरता येत नव्हतं. इथे शंभर माणसांनी एका दमात धरलं होतं, आणि त्यातल्या वीस जणांनी हितेंद्रला अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं.

तेवढ्यात नामाचा सूर थांबला. आबांचं बोट तारेवर तसंच होतं.

"त्यानं नही कापली," आबा म्हणाले. "मी कापली."

"आबा, गप्प राहा," मोहिनी उठून पुढे धावली. "एक शब्द बोलू नका."

"तुह्या पुस्तकातलं तू पोराले सांगितलं, बाई. मी ऐकलं. म्या पन आठ दिवस तेच केलं." त्यांनी नानांकडे पाहिलं. "जीवराम, मी एकटा गेलतो. कोयता घरचाच. पोराले ठाऊक नव्हतं, पोरीलेबी नव्हतं. माहा माल खोडावर सडला ना, मले झोप येईना. ते केलं आन् मंग त्याहून येईना."

पोलिसाला दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे मोहिनीला पाठ होतं. पण आबा पोलिसाला सांगत नव्हते. गावाला सांगत होते, आणि मंडपातला एकूणएक माणूस साक्षीदार होता.

तोताराम उठले, चपलांकडे गेले, पुन्हा थांबले. वीणा गळ्यात असलेल्या माणसाला हात कसा लावायचा, हे त्यांनाही सुचेना.

"कोनी वीणा घ्या," आबा म्हणाले. "मले जाऊ द्या याहिच्यासंगं."

कुणी हललं नाही.

"घेऊ नका रे कोनी," नाना म्हणाले. "उभा राहू द्या त्याले. किती येळ राह्यते पाहू."

पाचचा पहारेकरी मान खाली घालून बसला. हितेंद्र पुढे आला, तर दोघं-तिघं आडवे झाले. "तू नही. तुमच्या घरातला हात नही लागायचा आता वीणाले." पाच वाजून गेले, साडेपाच झाले. आबांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. पासष्टीचा माणूस, पण वीणा छातीशी धरून, ओठ हलवत उभा. मोहिनी त्यांच्या शेजारी उभी राहिली, पडले तर धरावं म्हणून. तिच्याकडेही कुणी पाहत नव्हतं. शेवटी बायकांच्या बाजूने कुंदाबाई उठल्या, नानांच्या पत्नी. पदर खोचून सरळ आबांपुढे आल्या.

"द्या अठी."

"काकू, बाईमानसानं पहारा..." मागून कुणीतरी बोललं.

"मंग तू ये. तासभरापासून मांडी घालून बसेल हाये तू." कुंदाबाईंनी आबांच्या गळ्यातून वीणा काढून आपल्या गळ्यात घातली. "मी तुमाले माफ नही केलं, सुपडूभाऊ. त्या बागीले मी लेकरावानी पानी पाजलं व्हतं. पन देवाच्या वीणाले खुंटा करून तुमाले बांधनार नही. जा आता. माह्यासमोर उभे राहू नका."

आबा वाकून पाया पडायला गेले. त्या मागे सरकल्या. आणि त्याच रागावलेल्या आवाजात त्यांनी नाम उचललं. मंडपाला मागे म्हणावंच लागलं.

बाहेर जीपपाशी मोहिनीने तोतारामना अडवलं. "शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे, जामीनपात्र आहे. अटक करायलाच पाहिजे असं नाही. नोटीस देता येते."

"देतो ना," तोताराम म्हणाले. "आणि रात्री बापाला याच गावात ठेवता? मागे बघा."

देवळाच्या पायऱ्यांवर दहा-बारा जण येऊन उभे होते. मोहिनी बाजूला झाली. आबा जीपमध्ये चढले. हितेंद्र त्यांच्याशेजारी बसला.

"मी दीपनगरचं सांगितलं असतं," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तर आबांना तोंड उघडावं लागलं नसतं. तुझ्या हक्काने हे केलं."

"तिले बोलू नको," आबा म्हणाले. "नाम घेताना जीभच अडखळू राह्यली व्हती माही. आज नही तर उद्या."

तोतारामनी कागद काढला. "चारशे दहा खोडं. पंचनाम्यात आहे. बरोबर?"

"चारशे बत्तीस," आबा म्हणाले. "विहिरीकडची ओळ तुम्ही पाह्यलीच नही."

मोहिनीचा हात त्यांचं तोंड झाकायला उचलला गेला. जितकी खोडं जास्त, तितकी नासधूस जास्त. कुठलाही वकील हेच करेल. तोताराम पेन धरून तिच्याकडे पाहत होते. "लिहू, वकीलबाई?"

आबाही तिच्याकडेच पाहत होते.

"लिहा," ती म्हणाली, आणि जीपमध्ये चढायला जागा मागितली.