तीन पोस्टरांचा एक जिना

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली ती बाजारातल्या भिंतीपाशी. भिंतीवर दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचं पोस्टर होतं आणि त्यावर तिचा जिना होता. तस्साच वळणारा, तसाच लाल कठडा.

दोघी जावा घरातल्या पुढच्या खोलीत सिनेमाची पोस्टरं करायच्या. थोरली रेखाटायची, धाकटी रंगवायची. या वेळी एकाच सिनेमाची तीन होती. पहिल्यावर जिन्याच्या पायथ्याशी लहान मुलगी, दुसऱ्यावर मधल्या पायरीवर तीच तरुणपणी, तिसऱ्यावर वरच्या दारात तीच म्हातारी. तिन्ही शेजारी लावली की एक अखंड जिना.

हे अजून निर्मात्यानंही पाहिलं नव्हतं. मग जिन्याला काय पाय फुटले? धाकटी लग्नाआधी ज्या स्टुडिओत कामाला होती, त्याचंच नाव त्या पोस्टरच्या कोपऱ्यात होतं. संशयाला खायला फार लागत नाही, एवढ्यावर तो चांगला पोसला. धाकटी फोनवर हसली की थोरलीचे कान टवकारायचे, आणि गप्प बसली की त्याहून जास्त.

शेवटी तिला राहवेना. "जिना कुणाला दाखवलास?"

"कुठला जिना, ताई?"

"साळसूदपणा नको. जुन्या मालकाचा पुळका आला असेल."

धाकटीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं ब्रश खाली ठेवला. "हा लाल जमवताना माझी बोटं सोलून निघालीत. मी देईन होय कुणाला?"

"कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची?"

"तिसरं पुरं करते आणि माहेरी जाते," धाकटी म्हणाली. मग खरंच रंगवत बसली.

ते झाल्यावर लांबून बघणं आलं. पोस्टर रस्त्यापलीकडून कळलं नाही तर काय कामाचं! म्हणून रोजच्यासारखे धाकटीनं कागद खिडकीच्या काचेला लावले आणि थोरली पलीकडे बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. कठडा बेमालूम जुळला होता.

"झालं वाटतं तिसरं!" बाकावरची बाई म्हणाली. "आधीच्या निळ्या कठड्यापेक्षा हा बरा."

"तुम्हाला काय माहीत?"

"अहो, बस येईपर्यंत आम्ही रोज तेच तर बघतो. एक चष्मेवाला फोटोसुद्धा काढायचा. मला वाटलं, तुमच्यातलाच."

थोरलीनं खिडकीकडे पाहिलं. काचेआड धाकटी सुटलेला कागद दोन्ही हातांनी दाबून उभी होती आणि खांद्याला डोळे पुसत होती. थोरलीला स्वतःची शरम वाटली. ती धावत घरी आली.

धाकटी पिशवी भरत होती.

"चुकलं गं माझं. फोटो बसथांब्यावरून काढले कुणीतरी. मीच रोज रस्त्याला दाखवत होते."

"चोर कळला म्हणून बोलताय, ताई. नसता कळला तर?"

थोरली दार अडवून उभी राहिली.