उठताना बघणारा डॉक्टर

मुलाच्या कंपनीनं विमा बदलला आणि सासूबाईंचे जुने डॉक्टर विम्याच्या यादीतून गेले. सुनेनं विमा कंपनीला फोन करकरून पाहिले. यादीतला हवा तो डॉक्टर निवडा, पूर्ण मोकळीक आहे, असं पलीकडची मुलगी दर वेळी गोड आवाजात सांगायची. खुब्याचं ऑपरेशन विम्यातून व्हायचं तर यादीतल्याच कुणाचं तरी पत्र हवं होतं.

जुने डॉक्टर दुखतं का म्हणून कधी विचारत नसत. पेशंटला बोलवायला स्वतः दारात येत, इकडचं तिकडचं बोलत आणि माणूस बाकावरून कसा उठतो ते बघून घेत. सासूबाईंना याचा पत्ताच नव्हता. डॉक्टर फार अगत्याचे, एवढंच त्या म्हणत.

नव्या दवाखान्यात पडद्यावर नंबर लागला. डॉक्टरांनी संगणकावरून मान वर करेपर्यंत सासूबाई खुर्चीत बसल्याही होत्या.

"फार दुखतं का, आजी?"

"छे. या वयात थोडंफार चालायचंच."

एक्स-रेत झीज दिसतेय, डॉक्टर म्हणाले, पण ऑपरेशन झीज बघून नाही, त्रास बघून ठरतं. ते व्यायाम लिहून द्यायला लागले तशी सुनेला राहवेना. ह्या खरं सांगत नाहीत, एकदा चालताना बघा, असं ती एका दमात बोलून गेली. डॉक्टरही दमलेलेच दिसत होते, तरी उठले. सासूबाईंनी सुनेकडे एक नजर टाकली, पाठ ताठ केली आणि भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या.

"छान चालताहेत की."

बाहेर आल्यावर त्या कशाबशा बाकापर्यंत पोचल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो आई, कशाला केलंत असं?"

"मग काय, परक्या माणसासमोर लंगडून दाखवू? नाटकवाली आहे का मी?"

सुनेला चिडायचं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. घोळ तिनंच घातला होता. आईंच्या देखत सांगायलाच नको होतं.

"बसा जरा, पाणी आणते," असं म्हणून ती निघाली आणि डॉक्टरांच्या दाराशी जाऊन थांबली. आतला पेशंट बाहेर आला, की डॉक्टरांना बाकापर्यंत चला म्हणायचं होतं. या वेळी हळू आवाजात.