दिवे मोजणारी मशीन

मी रक्त तपासणारी मशीन बोलतेय. लोक मला फार हुशार समजतात. मला येतं एकच, दिवे मोजायला. आणि तेही एकदा असे मोजले, की एका धडधाकट बाईच्या गळ्यात नसतं दुखणं बांधून मोकळी झाले.

लॅबमध्ये नवी आले तेव्हा काय कौतुक! तिथल्या ताई मला मऊ फडक्याने पुसायच्या. आता माझ्या डोक्यावर त्यांची पर्स असते. चाळिशीनंतर बाईचं आणि वॉरंटीनंतर मशीनचं सारखंच.

काम माझं सोपं. रक्तातला एखादा हार्मोन मोजायचा, तर मी दोन अँटिबॉडी सोडते. दोघी त्या एकालाच ओळखतात, बाकीच्या गर्दीकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक त्याला इकडून धरते, दुसरी तिकडून. एकीच्या हातात दिवा. दुसरीच्या अंगाला बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, ते गोंद लावलेल्या मण्याला चिकटतं. मग मी सगळं खळखळून धुते. चिकटलेले राहतात, बाकीचे वाहून जातात. उरलेले दिवे मोजले, की झाला रिपोर्ट.

एकदा शिवणक्लास चालवणाऱ्या एक बाई नवऱ्याबरोबर थायरॉइड तपासायला आल्या. त्यांचे दिवे अगदीच कमी निघाले. थायरॉइडला कामाला जुंपणाऱ्या त्या हार्मोनचं गणित उलटं: तो कमी, म्हणजे थायरॉइडची ग्रंथी उधळलेली.

रिपोर्ट वाचला आणि बाईंचे हात थरथरायला लागले. आदल्या दिवशीपर्यंत त्याच हातांनी काजं करत होत्या. नवऱ्याला तर हायसंच वाटलं. "मी म्हणत नव्हतो, उगाच चिडतेस? आजार आहे तो!"

डॉक्टर ग्रंथीला लगाम घालणारं औषध देणार होते. चांगल्या ग्रंथीला ते दिलं असतं, तर बाई खरोखरच आजारी पडल्या असत्या. पण ग्रंथी उधळली की वजन घटतं, झोप उडते; बाईंचं तर वजन वाढलेलं, झोप गाढ. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी पुन्हा तपासायला पाठवलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ठामपणात माझा हात कोणी धरणार नाही.

ताईंनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?"

"छे! मला गोळ्यांचा तिटकारा आहे."

"अगं, ती केसांची?" नवरा म्हणाला.

"ती कुठे गोळी? ती केसांसाठी असते."

"लावता की गिळता?" ताई म्हणाल्या.

"गिळते."

त्या गोळीत बायोटिन, तेही भरमसाट. रक्तातून आलेलं ते बायोटिन आधीच गोंदावर ठाण मांडून बसलं, आणि माझ्या अँटिबॉडी दिव्यासकट मोरीत. मी उरलेला अंधार मोजला आणि त्यावर आकडा छापला.

काही दिवस गोळी बंद ठेवून रक्त घेतलं. रिपोर्ट अगदी छान. औषध टळलं.

"मग ही चिडते कशाने?" नवऱ्याने विचारलं. बाईंनी रिपोर्टची घडी त्याच्याच हातात कोंबली आणि एकट्याच पुढे निघाल्या.

बाबांनो, गोळी केसांची असो, नखांची असो, रक्त देताना सांगत जा. सगळे माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि मला एक साधा प्रश्न विचारता येत नाही! निदान ताईंना तरी हे कळावं म्हणून परवा मी जीव तोडून ओरडले, लाल दिवाही लावला.

ताईंनी वळून पाहिलं. "हो गं, कचऱ्याचा डबा भरलाय तुझा. थांब, ओतून येते."