झालंच समजा

मी फळा बोलतोय. शाळेतला काळा नव्हे. व्हीलचेअर तयार करणाऱ्या कंपनीच्या डिझाइन विभागातला पांढरा, गुळगुळीत फळा. तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, पण भिंतीवर टांगलेल्यानं तोंड लपवायचं तरी कुठे?

नवा होतो तेव्हा केवढा तोरा होता माझा! साहेबांनी माझ्यावर तीन रकाने आखले: करायचं, चालू, झालं. खुर्चीच्या एकेका भागाची चिठ्ठी, काम सरकेल तशी सरकवायची. रोज सकाळी सगळे माझ्यासमोर उभ्याउभ्याच बोलत. बसलं की गप्पा लांबतात, असं साहेबांचं म्हणणं. दर पंधरवड्याला झालं तेवढं काम खुर्ची वापरणाऱ्या माणसाला दाखवायचं, त्याचं ऐकून पुढचं ठरवायचं. पद्धत चांगली होती, तिला मी नावं ठेवणार नाही.

ब्रेकची चिठ्ठी ताईकडे होती. ताई आमची सगळ्यांत हुशार डिझायनर. त्या दिवशी खुर्ची बघायला तिचेच बाबा यायचे होते. पाय गेल्यापासून ते लेकीशिवाय घराबाहेर पडले नव्हते. या खुर्चीत बसून त्यांना एकट्यानं फिरायचं होतं.

"ब्रेकचं काय?" साहेबांनी विचारलं.

"झालंच समजा. उतारावर एकदा तपासलं की संपलं."

साहेबांना 'झालं' तेवढंच ऐकू आलं. त्यांनी चिठ्ठी तिसऱ्या रकान्यात डकवली. ताईनं बोलायला तोंड उघडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मिटलं.

दुपारी बाबा आले. माझ्यासमोरच्या चाचणीच्या उतारावर त्यांना नव्या खुर्चीत बसवून ताई म्हणाली, "बाबा, कठडा सोडू नका हं. पाना घेऊन आलेच."

"अगं, ब्रेक 'झालं'मध्ये आहे की! चिठ्ठीवर तुझंच अक्षर ना?" बाबा माझ्याकडे बघून कौतुकानं हसले आणि त्यांनी हात सोडला.

खुर्ची घरंगळली ती थेट माझ्यावर. माझा कोपरा चेपला, त्याचं काही नाही. बाबांचं मनगट मोडलं. ते ओरडलेही नाहीत. "मला वाटलं, झालं," एवढंच पुटपुटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईनं सगळ्यांसमोर ती चिठ्ठी काढून 'करायचं'मध्ये लावली. साहेबांची मान खाली होती. आता कुणी 'झालंच' म्हटलं, की बाकीचे ओरडतात, "आधी 'च' काढ!" सगळे हसतात. मला काही हसू येत नाही.

काल बाबा पुन्हा आले, हात प्लास्टरमध्ये. चिठ्ठी परत तिसऱ्या रकान्यात होती, या वेळी रीतसर तपासून. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लेकीला विचारलं, "झालं, की झालंच?"

ताई स्वतः खुर्चीत बसली, उतारावर गेली, ब्रेक लावला आणि दोन्ही हात वर केले. खुर्ची जागची हलली नाही.

बाबा म्हणाले, "ऊठ आता. मला बसू दे."

माझ्यावर लिहिणाऱ्यांनो, हात जोडता आले असते तर जोडले असते. जरा जपून लिहा. तुमचं लिहिलेलं वाचून कुणीतरी कठड्यावरचा हात सोडतं.